तिरक्या नजरेची दीर्घिका : मराठवाड्यातून एनजीसी ३३७७ कशी पाहावी

दुर्बीण घरी आली की चंद्राची विवरं, शनीची कडी, मृगातला तेजोमेघ हे सगळं पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत पाहून होतं. मग मोर्चा दीर्घिकांकडे वळतो आणि पुष्कळांचा हिरमोड तिथेच होतो. लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या बाबतीत तर फारच. त्यांना सर्पिल भुजा नसतात, धुळीचे ठळक पट्टे नसतात, नव्या ताऱ्यांचे झगमगते पुंजके नसतात. जुन्या ताऱ्यांचा एक गोळा, मध्याला दाट आणि कडेला विरत गेलेला, एवढंच. आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) ती दिसते काचेवर हलकी फुंकर मारल्यावर उमटणाऱ्या धूसर ठिपक्यासारखी, आणि तीही नजर जरा बाजूला वळवली तरच.

मग ती पाहायची कशाला? कारण दुर्बिणीतून बघायला शिकायचं असेल तर यापेक्षा चांगला सराव नाही. इथे तपशील मदतीला येत नाहीत. दिसलं की नाही, आणि दिसलं ते तेच होतं का, हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवावं लागतं. त्याची एक ठरलेली पद्धत आहे आणि ती कुणालाही जमते. सरावासाठी सिंह राशीतली एनजीसी ३३७७ ही दीर्घिका घेऊ (एनजीसी ही दीर्घिका, तेजोमेघ, तारकागुच्छ यांची क्रमवार यादी).

हीच का?

तिची दृश्य प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, १०.४ आहे (आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद), म्हणजे २०० मिमीच्या, आठ इंची दुर्बिणीच्या आवाक्यात, पण सहज नाही. अंतर साधारण साडेतीन कोटी प्रकाशवर्षं. विल्यम हर्शेलनं ती १७८४ साली नोंदवली. तिच्यापासून फक्त २२ कलांवर ५.५ प्रतीचा ५२ सिंह हा तारा आहे (६० कला म्हणजे १ अंश; पूर्ण चंद्र सुमारे ३० कलांचा). एवढा जवळचा वाटाड्या अंधुक दीर्घिकांना क्वचितच मिळतो. शिवाय बरोबर १.४ अंश दक्षिणेला एम १०५ (मेसिए या निरीक्षकाच्या यादीतली १०५ वी) ही तिची उजळ बहीण आहे. आधी एम १०५ पाहून डोळा तयार करता येतो.

आणखी एक कारण आपल्या अक्षांशाचं. एनजीसी ३३७७ ची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, उत्तर १४ अंश आहे आणि मराठवाडा साधारण साडेसतरा ते साडेवीस अंशांत पसरलेला आहे. म्हणजे ही दीर्घिका आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येते. प्रकाश हवेच्या सर्वांत पातळ थरातून येतो. मार्चनंतर आपल्याकडे क्षितिजावर धुळीचा जो पट्टा चढतो, त्याचा तिला सगळ्यांत कमी त्रास.

सुरुवातीलाच कन्या राशीतल्या दीर्घिकासमूहात मात्र शिरू नका. तिथे लंबवर्तुळाकार दीर्घिका भरपूर आहेत, पण गर्दी इतकी की एम ८४ पाहतोय की एम ८६, हेच नवख्याला कळत नाही.

महाशिवरात्र ते पाडवा

चंद्र नको, ही पहिली अट. त्यासाठी आपलं पंचांगच पुरतं. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते. त्या रात्री चंद्र पहाटे उगवतो. दुसरी संधी पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात, फाल्गुन अमावास्येकडे जाताना. वद्य अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, म्हणून वद्य दशमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या रात्री धरून चाला. मधली होळी पौर्णिमेची. तो आठवडा सोडून द्या. महाशिवरात्रीला औंढा, परळी, वेरूळच्या आसपास मात्र जाऊ नका. यात्रेचे दिवे आकाशात दूरवर चढतात.

आता वेळ. एनजीसी ३३७७ मध्यमंडलावर, म्हणजे सर्वांत उंच, फेब्रुवारीच्या मध्यावर पहाटे दीड ते पावणेदोनच्या दरम्यान येते, मार्चच्या मध्यावर रात्री पावणेबाराला आणि एप्रिलच्या मध्यावर पावणेदहाला. हे छत्रपती संभाजीनगरचे आकडे. नांदेडला सात-आठ मिनिटं आधी.

पण नेमकी ती सर्वांत उंच असताना बघू नका. बहुतेक नवख्यांकडे डॉब (फिरत्या लाकडी पायावरची आरशाची दुर्बीण) असते आणि डॉबला ठीक डोक्यावरचं लक्ष्य सापडत नाही. नळी उभी झाली की डावी-उजवीकडे वळवण्याला अर्थच उरत नाही. किंचित सरकायचं म्हटलं तरी अख्खा पाया गर्रकन फिरवावा लागतो. दीर्घिका मध्यमंडलावर येण्याच्या दीड-दोन तास आधी किंवा नंतर बघा. तेव्हा ती ६० ते ६७ अंश उंचीवर असते, हवा तरीही पातळच आणि नळी हाताळायला सोपी. म्हणजे मार्चच्या मध्यावर पावणेदहा ते सव्वादहा. एप्रिलच्या मध्यावर काळोख पडताच आठच्या सुमारास, नाहीतर सव्वाअकरानंतर पश्चिमेकडे.

जागा

शहराच्या गच्चीवरून एम १०५ कदाचित दिसेल, एनजीसी ३३७७ बहुधा नाही. तालुक्याच्या गावापासून दहा-पंधरा किलोमीटर आत, एखाद्या आखाड्यावर किंवा शेतवस्तीवर गेलात की चित्र बदलतं. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आणि अजिंठ्याच्या रांगेत अंधार चांगला आहे. जंगलखात्याच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय थांबता येत नाही, तेव्हा ओळखीच्या शेतातच जा आणि गावात आधी सांगून ठेवा. रात्री शेतात अनोळखी गाडी आणि नळीसारखं काहीतरी दिसलं की माणसं साहजिकच बॅटऱ्या घेऊन येतात, आणि त्या उजेडानं अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते.

रानडुकरांसाठी बांधावर तारा ओढलेल्या असतात. काही ठिकाणी झटका मशीन, काही ठिकाणी थेट वीज सोडलेली. पिकाच्या कडेला अंधारात पाऊल टाकण्याआधी शेतमालकाला विचारा. जिवाशी खेळ आहे. पूर्ण बूट घाला. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि त्यांतून विंचू निघतात.

काळी माती दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊष्णता सोडत राहते. सिमेंटची गच्ची आणि पत्र्याचं छत याहून वाईट. त्या तरंगत्या हवेमुळे तारे फुगतात आणि दीर्घिकेचा बारीक गाभा पसरून जातो. हिरवं रान जवळ असेल तर त्याच्या बांधावर दुर्बीण लावा, पत्र्याच्या शेडपासून चांगली लांब. मात्र रात्रीचं पाणी चालू असलेल्या गव्हाजवळ गेलात तर आरशावर दव बसतं. ओल्या काळ्या मातीत पाया एका बाजूनं खचतो, कोरड्या भेगाळ मातीत तो डुगडुगतो. दोन्हींवर उपाय एकच, खाली दोन-अडीच फूट लांबी-रुंदीची जाड फळी. तुरीची धसकटं किंवा पऱ्हाटी पेटवलेली असेल तर वाऱ्याची दिशा पाहून जागा बदला.

आकाश पुरेसं काळं आहे का, हे ५२ सिंह स्वतःच सांगतो. तो साध्या डोळ्यांनी, तिरक्या नजरेनं का होईना, दिसला तर रात्र उत्तम. तो नाही पण मघेचा अख्खा विळा, सहाही तारे, स्वच्छ दिसले आणि पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ धुरकट डाग म्हणून जाणवला, तरी काम चालेल. विळ्यातले तारेच मोजावे लागत असतील तर दुर्बीण चंद्र-ग्रहांकडे वळवा.

दुर्बिणीची तयारी

इथून पुढचे सगळे आकडे २०० मिमी आरसा आणि १२०० मिमी नाभीय अंतर असलेल्या डॉबचे आहेत. १५० मिमीमध्ये दीर्घिकेचा गाभा आणि त्याभोवती थोडी धूसर कड दिसेल. ११४ मिमीमध्ये एम १०५ मिळेल, एनजीसी ३३७७ फक्त फार काळ्या आकाशातून. ७०-८० मिमीची भिंगाची दुर्बीण असेल तर एम १०५ वरच थांबा. तीही कमाई लहान नाही.

दुर्बीण दुपारभर पत्र्याच्या खोलीत राहिली असेल तर मार्चमध्ये आरसा चांगलाच तापलेला असतो. गरम आरशासमोर हवेचा थर उकळत राहतो आणि कोणतंही लक्ष्य सुबक दिसत नाही. सूर्यास्तालाच नळी उघड्यावर काढा आणि तास-दीड तास द्या. आरशामागे संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा लावला तर वेळ निम्म्यावर येतो. नळी उघडी ठेवताना तोंड खाली झुकवा, नाहीतर धूळ थेट आरशावर बसते.

खराब रस्त्यानं दुर्बीण आणली असेल तर कोलिमेशन, म्हणजे आरशांची एकमेकांशी जुळणी, हललेलं असतं, असं धरूनच चाला. मघा तारा जास्तीत जास्त वर्धनावर आणा आणि फोकस किंचित बिघडवा. उजेडाच्या वर्तुळातली काळी सावली नेमकी मध्यावर हवी. ती एका बाजूला असेल तर मुख्य आरशाचे स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवत, प्रत्येक वेळी तारा पुन्हा मध्यावर घेत, सावली मध्यावर आणा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्यावर गाभा टोकदार दिसणार की पसरट, हे अवलंबून आहे.

फाइंडर (नळीवरची शोधायची छोटी दुर्बीण) मात्र उजेड असतानाच जुळवा, एखाद्या लांबच्या मोबाइल टॉवरच्या टोकावर, सूर्य त्या बाजूला नसताना. रात्री मघेवर शेवटचा हात फिरवा.

आयपीस दोन पुरतात. २५ मिमी (४८ पट, साध्या आयपीसमध्ये सुमारे १ अंशाचं क्षेत्र) शोधायला, आणि १० मिमी (१२० पट, सुमारे २५ कलांचं क्षेत्र) बघायला. मधला १५ मिमी असेल तर फारच छान. अंधुक वस्तू कमी वर्धनावर बघावी, हा सर्वांत रुजलेला गैरसमज आहे. वर्धन वाढवलं की दीर्घिका आणि मागचं आकाश दोन्ही सारख्याच प्रमाणात मंदावतात, दोघांतला फरक तेवढाच राहतो. पण दीर्घिका मोठी होते, आणि अंधारात आपला डोळा मोठा अंधुक डाग लहान अंधुक ठिपक्यापेक्षा सहज पकडतो. आरशाचा व्यास भागिले वर्धन केलं की आयपीसमधून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या दांडीची जाडी मिळते. ती २ मिमीच्या आसपास ठेवा. आपल्या दुर्बिणीत ८० पटींना २.५ मिमी, १२० पटींना १.७ मिमी.

तेजोमेघांसाठीचे अरुंद पट्ट्याचे फिल्टर इथे लावू नका. ते ठरावीक वायूंचाच प्रकाश आत सोडतात, आणि लंबवर्तुळाकार दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर आकाशाबरोबर दीर्घिकाही विझवतो.

डोळ्यांची तयारी

पूर्ण अंधारात डोळा तयार व्हायला किमान तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइल एकदा पाहिला की ती पुन्हा पहिल्यापासून. पडदा लाल करणारी सोय पुरेशी नाही. उजेड एकदम कमी करा आणि वर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर चिकटवा. नकाशा घरीच छापून आणलेला सर्वांत बरा. ज्या दिवशी निरीक्षण आहे त्या दिवशी दुपारी उन्हात फिरणं टाळा, नाहीतर गॉगल लावा. तासन्‌तास कडक ऊन खाल्लेले डोळे रात्री अंधाराला सरावायला जास्त वेळ घेतात, आणि मार्च-एप्रिलचं आपलं ऊन काय असतं ते सांगायला नको.

तिरकी नजर म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावर आहे. डोळ्याच्या पडद्यावर जिथे नजर रोखलेली असते तिथे मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतातच म्हटलं तरी चालेल. त्या भोवताली असतात. म्हणून लक्ष दीर्घिकेवर ठेवायचं, पण बुबुळ तिच्यापासून १०-१५ अंश बाजूला वळवायचं, म्हणजे साध्या आयपीसमध्ये मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या निम्मं किंवा थोडं जास्त. कोणत्या बाजूला? उजव्या डोळ्यानं बघत असाल तर उजवीकडे, डाव्यानं असाल तर डावीकडे. थोडक्यात, कानाच्या बाजूला. नाकाच्या बाजूला नजर वळवलीत तर दीर्घिका नेमकी डोळ्याच्या आंधळ्या ठिपक्यावर पडू शकते आणि साफ गायब होते. ही चूक कळायला कित्येकांना महिने लागतात.

बसायला स्टूल हवंच. मान वाकडी करून उभं राहिलेल्या माणसाला अंधुक काही दिसत नाही. डोक्यावरून काळी घोंगडी किंवा जाड ओढणी घेतली की बाजूचा उजेड तुटतो; फक्त श्वास खाली सोडा, नाहीतर आयपीस धुरकटतं. श्वास रोखून धरू नका, नजर लगेच मंदावते.

मघेपासून ५२ सिंहापर्यंत

मघा हा विळ्याच्या मुठीतला ठळक तारा. सिंहाच्या मागच्या त्रिकोणात पूर्वा फाल्गुनीचे दोन तारे आहेत. त्यातला दक्षिणेकडचा थीटा घ्या. मघा ते थीटा अशी मनात रेघ ओढा, सोळा अंशांची. आपली दीर्घिका जवळपास याच रेघेवर, मघेपासून सहादशांश अंतरावर आहे. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश भरते. मघेपासून पूर्वेला, जराशी उत्तरेकडे कलती एक मूठ मोजा. ५२ सिंह तिथेच.

फाइंडरमध्ये आता घोळ होण्याची शक्यता आहे, कारण या भागात त्याच तेजाचे तारे अनेक आहेत. ५२ च्या पश्चिमेला साडेतीन अंशांवर ४६ सिंह लागतो, किंचित तांबूस. मघेकडून येताना तोच आधी भेटतो आणि पुष्कळजण तिथेच थांबतात. दक्षिणेला पावणेचार अंशांच्या आत ५३ सिंह आहे, उत्तरेला पावणेपाच अंशांच्या आत ५१ सिंह. खात्री करायची तर फाइंडरच्या खिडकीत ५२ आणि ५३ एकदम घ्या: जवळपास सारख्या तेजाचे, जवळपास दक्षिणोत्तर. त्यातला उत्तरेकडचा आपला.

दुर्बिणीत दिशा कशा ओळखायच्या? हात न लावता थांबा. तारे ज्या कडेकडे सरकतात ती पश्चिम. नळी किंचित ध्रुवताऱ्याकडे ढकला. ज्या कडेतून नवे तारे आत येतात ती उत्तर. हे प्रत्येक रात्री नव्यानं करा, कारण डॉबच्या आयपीसमध्ये दिशा दर तासाला फिरतात.

आता २५ मिमी आयपीस. ५२ सिंह नेमका मध्यावर आणा, फोकस ताऱ्यावर बारकाईनं जुळवा, आणि हात काढून सव्वा मिनिट थांबा. दीर्घिका ५२ सिंहाच्या ७७ सेकंद मागून येते आणि त्याच्यापेक्षा १२ कला दक्षिणेला आहे. सव्वा मिनिटानं तारा पश्चिमेकडे सरकलेला असेल आणि मध्याच्या बरोबर दक्षिणेला, मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या एकतृतीयांशाहून थोडं पुढे, दीर्घिका असेल. या युक्तीत अंदाजाला जागाच नाही, आकाश स्वतः मोजून देतं.

तिथे तिरक्या नजरेनं पाहा. पहिल्या क्षणी दिसेल तो थोडासा न जुळलेला तारा. बाकी सगळे तारे टोकदार आणि हाच एक मऊ. तो सापडला की १० मिमी लावा. ५२ सिंह आता क्षेत्राबाहेर जातो आणि त्याची झळाळी संपते. या वर्धनाला दीर्घिका क्षेत्र ओलांडायला जेमतेम पावणेदोन मिनिटं घेते, म्हणून दर वेळी तिला पूर्वेच्या कडेला ठेवून सोडा आणि सरकू द्या. सरकणारी वस्तू डोळ्याला लवकर कळते. नळीला बोटानं हलकी टिचकी मारली तरी तोच फायदा.

आणि मग किमान दहा मिनिटं तिथून उठू नका. पहिल्या मिनिटाला फक्त गाभा दिसतो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला त्याच्याभोवती उजेड आहे असं वाटायला लागतं, मग तो गोल नसून लांबट आहे हे जाणवतं. हे एकदम दिसत नाही. येतं, जातं, पुन्हा येतं. फोटोत ही दीर्घिका सुमारे ५ कला लांब मोजली जाते, पण आठ इंचात तिचा निम्म्याहून कमी भागच हाती लागतो. बाहेरचा उजेड आकाशात मिसळून जातो.

दिसलं ते तेच का?

अंधारात मन फार भाबडं असतं; जिथे असायला हवं तिथे ते काहीतरी उभं करतं. म्हणून चाचण्या.

दीर्घिका क्षेत्राबाहेर जाऊ द्या आणि पुन्हा आणा. शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भात ती दर वेळी त्याच जागी दिसली पाहिजे; लागोपाठ तीनदा. नळी हलवल्यावर डाग ताऱ्यांबरोबर न सरकता उलटा पळाला, तर ते ५२ सिंहाचं आयपीसच्या आतलं प्रतिबिंब. आयपीस नळकांड्यात फिरवल्यावर डागही फिरला, तर काचेवर बोटाचा ठसा आहे. वर्धन वाढवल्यावर त्याचे दोन बिंदू झाले, तर ती ताऱ्यांची जोडी होती.

सर्वांत पक्की चाचणी चित्राची. आठ-दहा सेंटीमीटरचं वर्तुळ काढून त्यात दोन-तीन तारे मांडा आणि लाल उजेडात दीर्घिकेचा लांब अक्ष कोणत्या दिशेला आहे ते रेघेनं दाखवा. हबलनं १९२६ साली लंबवर्तुळाकार दीर्घिकांची ई० ते ई७ अशी प्रतवारी मांडली. ई० म्हणजे गोल, पुढे चपटेपणा वाढत जातो. एनजीसी ३३७७ ही ई५-६ गटातली, म्हणजे लांबी रुंदीच्या दुपटीच्या आसपास, म्हणून तिची दिशा ओळखता येते. हे ज्ञान घेऊनच जा, पण दिशा आधी पाहू नका. ती या लेखाच्या शेवटच्या ओळीत आहे. निरीक्षण झाल्यावर वाचा. तुमची रेघ तिच्याशी जुळली तर तुम्ही दीर्घिका पाहिली, यात शंका उरत नाही. चित्राखाली तारीख, वेळ, आरशाचा व्यास, वर्धन आणि साध्या डोळ्यांना दिसलेला सर्वांत मंद तारा लिहा.

काहीच दिसत नसेल तर

तडक १.४ अंश दक्षिणेला या. २५ मिमीच्या क्षेत्राची ही दीड पटीहून थोडी कमी उडी. एम १०५ ची प्रत ९.३, आकार जवळपास गोल, ई१. पिएर मेशँनं ती २४ मार्च १७८१ ला शोधली, पण मेसिएच्या यादीत ती आली १९४७ मध्ये, खगोलशास्त्रज्ञ हेलन सॉयर हॉग यांनी भर घातल्यावर. तिच्या सात कला पूर्व-ईशान्येला एनजीसी ३३८४ (प्रत ९.९), आणि दहा कलांवर, आग्नेयेच्या बाजूनं, एनजीसी ३३८९ (प्रत ११.९). तिन्हींचा लहानसा त्रिकोण १२० पटींना एकाच क्षेत्रात मावतो.

हा त्रिकोण म्हणजे त्या रात्रीची मोजपट्टी. पहिल्या दोन दिसल्या तर एनजीसी ३३७७ दिसायलाच हवी; परत जा आणि तारा चुकला का ते तपासा. तिसरीही दिसली तर आकाश फार चांगलं आहे, ती रात्र सोडू नका. एम १०५ सुद्धा पुसट असेल तर दोष तुमचा नाही, हवेत धूळ किंवा वर पातळ ढग आहे. पातळ ढग रात्री दिसत नाहीत, पण उजळ ताऱ्यांभोवती वलय धरतात.

एनजीसी ३३८४ लांबट आहे आणि तिला टोकदार गाभा आहे, म्हणून तिला लंबवर्तुळाकार समजू नका. ती भिंगाकार दीर्घिका आहे. एनजीसी ३३८९ सर्पिल, तिला ठळक गाभाच नाही. तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं की लंबवर्तुळाकार दीर्घिकेची ओळख आपोआप पटते: कड कुठेच तुटत नाही आणि उजेड मध्याकडे सलग चढत जातो.

पुढे

एनजीसी ३३७७ दोन-तीन रात्री हाती आली आणि दहा-बारा इंची दुर्बीण मिळण्यासारखी असेल, तर वासुकीतल्या एनजीसी ४९९३ कडे वळा. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या, त्या याच दीर्घिकेतून, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरून आल्या होत्या. असल्या लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे. मराठवाड्यातल्या निरीक्षकानं ही दीर्घिका एकदा तरी डोळ्यांनी पाहावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. प्रत साडेबाराच्या आसपास आणि आकार जेमतेम सव्वा कलेचा. वासुकीतला गॅमा हा ३ प्रतीचा तारा धरून दोन अंश पश्चिमेला आणि पाव अंशाहून किंचित कमी दक्षिणेला जा. वर्धन १५० च्या पुढे ठेवा. ती आपल्याकडे ४७ अंशांच्या आसपासच चढते, म्हणून धूळ कमी असलेली रात्र निवडा. एप्रिलच्या मध्यावर ती मध्यरात्री सर्वांत उंच असते, मेच्या मध्यावर रात्री दहाला. परिसरात इतरही अंधुक दीर्घिका आहेत, तेव्हा १४ प्रतीपर्यंतचे तारे दाखवणारा नकाशा स्टेलेरियम या आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरवरून आधीच छापून घ्या.

एनजीसी ३३७७ चा लांब अक्ष : ईशान्य–नैऋत्य.